बाजूला झालेल्या स्वाराचा इतिहास

१९७५ साली लोझान येथे सुरू झालेल्या ज्युनियर जागतिक ट्रॅक सायकलिंग स्पर्धेत भारताच्या पहिल्या पदकासाठी २०१८ साल उजाडावे लागले. ते होते ईसो अल्बेनचे केइरिनमधील रौप्य. २०१९ मध्ये जर्मनीत अंदमान-निकोबारचा ईसो आणि मणिपूरचे रोनाल्डो व रोजित यांच्या संघाने सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण जिंकले. या शर्यतीत पहिला स्वार एक फेरी वारा अंगावर घेऊन बाजूला होतो, दुसरा दोन फेऱ्यांनंतर. घड्याळ थांबते ते तिसऱ्याच्या चाकापाशी. आपले इतिहासलेखनही बहुधा तिथेच थांबते. 'भारताचे सुवर्ण' एवढे लिहून आपण मोकळे होतो आणि नकाशाच्या कडेवरून आलेल्या या मुलांची वाट त्या दोन शब्दांत बुजवून टाकतो. इतिहासाचा आरंभ बाजूला झालेल्या स्वारापासून व्हावा, असे आम्हांस वाटते.