पुस्तकावर भावाचं नाव, आत बहिणीचा हात

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, गोष्ट कानानेच ऐकायची आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी 'नटसम्राट' पाहिला असेल, नाटक नाहीतर सिनेमा. सगळी मिळकत मुलांना वाटून टाकतो आणि मग स्वतःच बेघर होतो, तो म्हातारा नट आपण विसरत नाही. वि. वा. शिरवाडकरांनी हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आणलं. त्यामागे प्रेरणा होती ती 'किंग लिअर' या जुन्या इंग्रजी नाटकाची. त्यातला राजा मुलींना राज्य वाटून देतो आणि उघड्यावर येतो. हे नाटक लिहिणारा शेक्सपिअर १६१६ साली वारला. त्याची नाटकं आज जगभर मुलं शाळेत शिकतात.

पण त्या नाटकांची भाषा फार अवघड. आपल्याकडे ज्ञानेश्वरीतली ओवी कुणी उलगडून सांगितली नाही तर पोरांना कळत नाही, तसंच ते. मग ही नाटकं मुलांपर्यंत पोचली कशी? कुणीतरी ती सोपी करून सांगितली म्हणून. ते काम करणारी होती लंडनमधली एक शिवणकाम करणारी बाई. तिचं नाव मेरी लॅम. आजची गोष्ट तिची आहे.

मेरीचा जन्म १७६४ चा. तिचे वडील सॅम्युअल सॉल्ट नावाच्या वकिलाकडे चाकरीला होते. लिहिण्यापासून घरच्या कामापर्यंत सगळं तेच बघत. लॅम कुटुंब त्या वकिलाच्याच आसऱ्याला राहायचं. वकिलाकडे पुस्तकं भरपूर होती आणि मेरीला तिथे कुणी अडवलं नाही. हाताला येईल ते तिने वाचलं.

तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान भाऊ, चार्ल्स. त्याला चांगल्या निवासी शाळेत घातलं, तिथे तो सात वर्षं शिकला. मेरीच्या वाट्याला थोडीशी शाळा आली आणि मग सुई-दोरा. भावाला शाळा आणि बहिणीला घरकाम, हे चित्र आपल्याला काही नवीन नाही. पुढे चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीत कारकून झाला. आपल्या देशातून जाणाऱ्या मालाचे हिशेब लिहिण्यात त्याची तेहतीस वर्षं गेली. मेरी बायकांचे झगे शिवून घरात चार पैसे आणत होती.

आता गोष्टीतला अवघड भाग. आई अंथरुणाला खिळलेली, वडिलांना म्हातारपणामुळे काही सुचेनासं झालेलं. दिवसभर शिवण, रात्री आईची शुश्रूषा, झोप नाही. आजारी माणसाचं करणाऱ्या बाईची दशा काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. मेरीच्या मनाचा तोल त्याआधीही गेलेला होता. २२ सप्टेंबर १७९६ ला, जेवणाच्या वेळी, तिचा स्वतःवरचा ताबा पूर्ण सुटला. शिकायला ठेवलेल्या मुलीच्या अंगावर ती सुरी घेऊन धावली. आई मध्ये पडली आणि मेरीच्या हातून आईचाच जीव गेला. चार्ल्सने तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

पंचांनी निर्णय दिला की हे वेडाच्या भरात घडलं. तिला मनोरुग्णांच्या एका खासगी घरात ठेवलं. कायमचं तिथेच राहू दे, असं घरातल्यांपैकी काहींचं म्हणणं होतं. चार्ल्स तेव्हा फक्त एकवीस वर्षांचा. त्याने बहिणीची जबाबदारी घेतली आणि मरेपर्यंत पाळली. वडील गेल्यावर, १७९९ साली, त्याने तिला घरी आणलं. आजार मात्र परत परत येत राहिला. तो येतोय असं वाटलं की दोघं भावंडं रडत रडत चालत त्या घराकडे जायची, आणि बरी झाली की ती परत यायची. मधल्या काळात मेरी इतकी समंजस असायची की मोठमोठे लेखक तिच्याशी बोलायला यायचे. हे मुद्दाम सांगते, कारण आजही मनाचा आजार झालेल्या बाईला आपण आयुष्यभरासाठी बाद करून टाकतो.

मेरीला आपण बाद केलं असतं, तर हे पुस्तक झालं नसतं.

१८०६ च्या सुमारास विल्यम गॉडविन आणि त्यांची पत्नी लंडनमध्ये मुलांच्या पुस्तकांचं दुकान चालवत होते. त्यांच्यासाठी शेक्सपिअरच्या वीस नाटकांच्या गोष्टी लिहायचं काम या भावंडांकडे आलं. वीसपैकी चौदा मेरीने लिहिल्या. सहा शोकांतिका चार्ल्सने लिहिल्या, त्यांत 'किंग लिअर'ही आली. दोघं एकाच टेबलाशी बसून लिहायची. मेरीने मैत्रिणीला पत्रात त्याची गंमत कळवली आहे. ती तपकीर ओढत लिहीत असायची आणि चार्ल्स शेजारी कण्हत असायचा, की मला काही हे जमत नाही. लिहून झालं की मग त्याला पटायचं, की जमलं बुवा.

नाटकाची गोष्ट करायची म्हणजे सोपं काम नव्हे. नाटकात सगळं पात्रांच्या तोंडून कळतं. कोण कुठे उभं आहे, कुणाच्या मनात काय आहे, हे सांगणारं दुसरं कुणी नसतं. मेरीने सांगणारीचा आवाज आणला, जशी आजी गोष्ट सांगते तसा. मूळ नाटकात तीन-तीन, चार-चार कथा गुंफलेल्या असतात. मेरीने त्यातला एक धागा धरला आणि बाकीचे सोडून दिले. 'व्हेनिसचा व्यापारी' या नाटकात तीन पेट्यांतून बरोबर पेटी निवडणाऱ्याशीच नायिकेचं लग्न, असा एक प्रसंग आहे. तो तिने गाळला. पण तीच नायिका पोर्शिया पुरुषाच्या वेषात वकील होऊन कोर्टात उभी राहते आणि नवऱ्याच्या मित्राचा जीव वाचवते, तो प्रसंग मात्र भरघोस ठेवला. जमतील तिथे शेक्सपिअरचेच शब्द ठेवले, म्हणजे मुलं मोठी झाली की मूळ नाटक त्यांना अनोळखी वाटणार नाही. शिवणाऱ्या बाईचंच हे कसब. मोठ्या माणसाचा कपडा उसवून लहान अंगाला बेतायचा, पण कापडाची वीण बिघडू द्यायची नाही.

आणि हे सगळं मुख्यतः कुणासाठी? प्रस्तावनेत स्पष्ट सांगितलं आहे, की मुलींसाठी. मुलग्यांना वडिलांच्या पुस्तकांच्या खोलीत लवकर प्रवेश मिळतो. बहिणीला ते पुस्तक उघडायची परवानगी मिळायच्या आधीच भावाचे त्यातले उतारे पाठ झालेले असतात. म्हणून भावांना विनंती केली आहे, की बहिणींना अवघड जागा समजावून सांगा, मूळ नाटकातला एखादा चांगला भाग वाचून दाखवा. लहानपणी वकिलाच्या घरी पुस्तकांची खोली उघडी मिळालेल्या मेरीने दुसऱ्या मुलींसाठी ते दार किलकिलं केलं.

पुस्तक आलं, १८०७ सालचं. या कामाचे साठ गिनी मिळणार होते, त्या काळी कारकुनाच्या घराला चांगला हातभार. पण पहिल्या पानावर नाव छापलं एकट्या चार्ल्स लॅमचं. चौदा गोष्टी लिहिणारीचं नाव कुठेच नाही. त्या जुन्या घटनेमुळे तिचं नाव चारचौघांत यायला नको, हेही त्यामागे असावं असं मानतात. चार्ल्सने मात्र श्रेय लाटलं नाही. आपण फक्त सहा लिहिल्या, बाकी बहिणीच्या, असं त्याने मित्रांना पत्रांतून कळवलं. पण पत्र वाचणार मित्र, आणि पुस्तक वाचणार जग. मेरीचं नाव पहिल्या पानावर यायला १८३८ साल उजाडलं, सातवी आवृत्ती निघाली तेव्हा. चार्ल्सला जाऊन तोवर चार वर्षं होत आली होती.

योगायोग बघा. त्याच १८०७ साली इंग्लंडमध्येच, बाथ या गावी, शेक्सपिअरचं दुसरं एक पुस्तक निघालं. त्यातही वीसच नाटकं. घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचता यावीत म्हणून त्यांतले अशिष्ट वाटणारे शब्द आणि प्रसंग काढून टाकलेले. हे काम हेन्रिएटा बाउडलर नावाच्या बाईचं. त्यावर नावच नव्हतं. अशा गोष्टी एका सभ्य बाईला समजल्या आणि तिने त्या निवडून काढल्या, हे उघड होणं लाजेचं मानलं जायचं. १८१८ साली वाढवलेली आवृत्ती निघाली ती तिच्या भावाच्या, थॉमसच्या नावाने. पुस्तकातला मजकूर छाटण्याला इंग्रजीत आजही जो शब्द वापरतात, तो या भावाच्या आडनावावरून पडला.

बाउडलरबाईंनी शब्द काढले, मेरीने गोष्ट नव्याने सांगितली. पद्धत कुणाची बरी, यावर तुमच्या बैठकीत जरूर बोला. माझं मत मेरीच्या बाजूचं. पण कामं दोघींची आणि नावं दोन भावांची, हे दोन्हीकडे सारखंच.

मेरी पुढेही लिहीत राहिली. १८१५ साली बायकांच्या एका मासिकात तिने शिवणकामावर लेख लिहिला, टोपणनावाने. आपण अकरा वर्षं पोटासाठी सुई चालवली, हे त्यात तिने सांगितलं. तिचं म्हणणं असं: पुरुषाच्या कामाला वेळ ठरलेली असते आणि नंतरचा वेळ त्याचा. बाईचं काम संपतच नाही, कारण रिकामी दिसली की तिच्या हातात शिवण येते. आणि गरज नसलेल्या बाया घरी फुकट शिवत बसल्या, की शिवणावर जगणारीची मजुरी बुडते. दोनशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब, आपल्या गटातल्या शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला लगेच कळेल.

१८४७ साली, ब्याऐंशी वर्षांची होऊन मेरी वारली. तिला भावाच्याच शेजारी पुरलं. त्यांच्या गोष्टी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या हाती आपल्या देशातही आल्या, आजही मिळतात. शेक्सपिअरची पहिली ओळख कित्येकांना त्यातूनच झाली.

आता आपल्याकडे वळू. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं नाटक करतात. पोशाख कोण शिवतं? पोरीचे संवाद चुलीपुढे बसून पाठ कोण करून घेतं? फळ्यावर मात्र नावं पाहुण्यांची आणि देणगीदारांची. यंदा शाळेत गेलात की गुरुजींना सांगा, शिवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आयांची नावंही फळ्यावर लिहा. नाव म्हणजे मिरवणं नव्हे, ती कामाची नोंद आहे. राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसलं की काय होतं, ते आपण जाणतो.

आणि दुसरं. एखादं चांगलं नाटक लेकीला गोष्ट करून सांगा. 'नटसम्राट' सांगा, गावात पाहिलेलं एखादं जुनं नाटक सांगा. सगळं आठवलंच पाहिजे असं नाही. मेरीनेही एकच धागा धरला होता. लेक मोठी होईल तेव्हा मूळ नाटक ती आपणहून वाचेल.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.