अँडोव्हरची हाडं

साल 1845. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातलं अँडोव्हर. तुम्ही शेतमजूर आहात. सुगीला अवकाश आहे, मळ्यावर काम नाही. पूर्वी अशा वेळी गावाच्या निधीतून घरपोच मदत व्हायची. 1834 च्या गरिबांच्या कायद्यानं धडधाकट माणसाची ती वाट अडवली. पोट भरायचं तर गरिबांना कामाच्या बदल्यात पोसणाऱ्या वर्कहाउसमध्ये या, बायकामुलांसकट.

आत शिरताच घर फुटतं. बायको बायकांच्या वॉर्डात, मुलं मुलांच्या, तुम्ही पुरुषांच्या. आंघोळ घालतात, अंगावरचे कपडे काढून घेतात, संस्थेचा जाडाभरडा पोशाख चढवतात. यात कुणाचा राग नाही, हिशेब आहे. आतलं जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराहून हलाखीचं हवं, म्हणजे अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी येणार नाही. आता बाहेरचा मजूरच अर्धपोटी राहत असेल, तर आतल्याच्या ताटात काय उरणार, हे कायदा करणाऱ्या शहाण्यांना कुणी विचारलं नसावं.

सकाळी पाव आणि पातळ लापशी. त्या शिध्यातही व्यवस्थापक मॅकडूगल हात मारतो. वॉटर्लूला लढलेला हा जुना सार्जंट-मेजर.

तुमच्या वाट्याला हाडं कुटायचं काम येतं. शेताला खत लागतं, त्यासाठी गोळा केलेली जनावरांची हाडं. कोंदट खोली, जड लोखंडी मुसळ. घाव घातला की कपच्या उडून तोंडावर येतात. दुर्गंधीनं पहिल्या दिवशी मळमळतं. मग लक्षात येतं, शेजारचा म्हातारा ढिगाऱ्यात डोळे घालून काहीतरी शोधतोय. त्याला एक नळी सापडते. मटणातली नळी चोखायची आपल्याकडे हौस असते. ही नळी कुजायला लागलेली आहे. तो आडोशाला वळतो आणि आतला मगज खातो. बाकीचे त्याच्याकडे हेव्यानं बघतात. थोड्याच दिवसांत तुम्हीही ढिगारा चाळू लागता.

तुम्ही कैदी नाही, हे मात्र खरं. तीन तास आधी सांगा, आपले कपडे घ्या, बायकामुलं घ्या, चालते व्हा. कुठे, ते तुमचं तुम्ही बघा.

वर्कहाउसवर देखरेख करणाऱ्या पालक मंडळातल्या ह्यू मंडी नावाच्या शेतकऱ्याला हे सहन झालं नाही. त्यानं खासदार थॉमस वॅकली यांना गाठलं. ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक सुरू करणारे ते हेच. ऑगस्टमध्ये त्यांनी पार्लमेंटात प्रश्न विचारला आणि चौकशीची माणसं अँडोव्हरला आली. मॅकडूगलला जावं लागलं, हाडं कुटणं बंद झालं, 1846 मध्ये संसदीय समिती बसली. पुढच्या वर्षी गरिबांचा कायदा राबवणारा आयोगच बरखास्त होऊन त्याच्या जागी नवं मंडळ आलं. बाहेरच्याहून आत हलाखी हवी, हा दंडक त्या मंडळानंही मोडला नाही. वर्कहाउस अधिकृतपणे संपायला 1930 उजाडलं.