फायरवॉलवर नॅट कसे लावतात? प्रकार, उपयोग आणि धोके

ऑफिसातले दहा संगणक, मोबाइल, प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर एकाच इंटरनेट जोडणीवर चालतात आणि बाहेरच्या जगाला बहुतेक वेळा एकच आयपी पत्ता दिसतो. आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात आणि बाहेरचा आतल्या पत्त्यात बदलण्याच्या या पद्धतीला नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजेच ‘नॅट’ म्हणतात.

गरज का पडली?

आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे असे पत्ते जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. १० ने, १९२.१६८ ने आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत. ते कोणीही आपल्या नेटवर्कमध्ये वापरू शकतो, पण इंटरनेटवर ते चालत नाहीत.

मुख्य प्रकार

१. सोर्स नॅट : बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलतो. समजा, १९२.१६८.१.१० या संगणकाने पोर्ट ५१००० वरून एखादी वेबसाइट मागितली. फायरवॉल तिथे २०३.०.११३.५ हा पत्ता आणि पोर्ट ४०००१ घालते व तशी नोंद ठेवते. उत्तर आले की नोंद पाहून ते त्याच संगणकाला देते. बाहेरचा पत्ता वारंवार बदलत असेल, तर लिनक्समध्ये याच कामासाठी ‘मास्करेड’ वापरतात.

२. स्टॅटिक नॅट : एका आतल्या पत्त्याला एक बाहेरचा पत्ता कायमचा जोडतात. स्वतःचा मेल सर्व्हर असेल तर हे सोयीचे असते, पण प्रत्येक यंत्रासाठी वेगळा सार्वजनिक पत्ता लागतो.

३. पोर्ट फॉरवर्डिंग : बाहेरच्या पत्त्यावर ठरावीक पोर्टला आलेली विनंती आतल्या एका यंत्राकडे वळवतात. उदाहरणार्थ, पोर्ट ४४३ वरची विनंती वेब सर्व्हरकडे. हा डेस्टिनेशन नॅटचाच प्रकार.

४. हेअरपिन नॅट : ऑफिसात बसूनच आपल्या सर्व्हरचा बाहेरचा पत्ता उघडला, तर अनेकदा पान येत नाही. अशा वेळी फायरवॉलला विनंती आतल्या आत वळवायला सांगावे लागते.

५. नॅटला अपवाद : दोन शाखा व्हीपीएनने जोडल्या असतील, तर त्यांच्यातल्या पॅकेटचे पत्ते बदलू नयेत म्हणून वेगळा नियम करतात. तो राहून गेला की व्हीपीएन जोडलेले दिसते, पण फाइल उघडत नाही.

नेहमी होणारी चूक

लिनक्समध्ये डेस्टिनेशन नॅट आधी होते आणि परवानगीचा नियम नंतर तपासला जातो. म्हणून त्या नियमात सर्व्हरचा आतला पत्ता लिहावा लागतो. इतर फायरवॉलमध्ये हा क्रम वेगळा असू शकतो, त्यामुळे माहितीपुस्तिका पाहावी.

सगळे बरोबर करूनही पोर्ट उघडत नसेल, तर राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल, तर इंटरनेट कंपनीनेच वर आणखी एक नॅट लावलेले आहे. अशा वेळी कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घ्यावा किंवा व्हीपीएन वापरावे.

नॅट म्हणजे सुरक्षा नव्हे

सोर्स नॅटमध्ये नोंद नसलेले पॅकेट आत कोणाला द्यायचे, हे फायरवॉलला कळत नाही. त्यामुळे सुरक्षित वाटते. पण ही फक्त पत्ता बदलण्याची सोय आहे. काय आत येऊ द्यायचे, हे ठरवण्याचे काम फिल्टरच्या नियमांचेच आहे. पोर्ट फॉरवर्डिंग तर मुद्दाम उघडलेले दार आहे. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने इंटरनेटवरून उघडे असलेले आणि मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या सेवा बंद पाडल्या.

म्हणून डीव्हीआर बाहेरून पाहायचा असेल, तर पोर्ट उघडण्याऐवजी आधी व्हीपीएनचा विचार करावा. पोर्ट उघडावेच लागले, तर कोणत्या पत्त्यांवरून प्रवेश चालेल हे ठरवून द्यावे, मूळ पासवर्ड बदलावा आणि काम संपताच नियम काढून टाकावा.