मेंदू-संगणक दुवा : डोक्यावर इलेक्ट्रोड किती आणि कुठे?

अनमोड, कॅसलरॉकसारख्या गोव्याच्या सीमेलगतच्या गावांपलीकडे जोयडा तालुक्याची जंगलवस्ती पसरली आहे. तिथे पक्षाघाताने हात आणि वाचा गमावलेला रुग्ण असेल, तर मेंदूच्या संदेशांवर चालणारे यंत्र त्याच्या डोक्यावर रोज कोणी चढवायचे? अर्थात घरच्यांनीच. चौसष्ट इलेक्ट्रोडांची टोपी, प्रत्येकाखाली जेल आणि नंतर केस धुणे हे त्यांच्याकडून नित्य होणे कठीण. कमीत कमी इलेक्ट्रोडांत काम भागविण्याचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

पहिली चाळणी शरीररचनेची. हर्बर्ट जास्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या दहा-वीस पद्धतीनुसार डोक्यावरील प्रत्येक जागेला नाव असते. विषम आकडे डाव्या बाजूचे, सम उजव्या. उजवा हात हलविण्याची नुसती कल्पना केली तरी डावीकडील 'सी-३' भोवतीची ८ ते १३ हर्ट्झची लय मंदावते. डाव्या हातासाठी हेच 'सी-४' पाशी घडते. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहण्याचा संकेत मात्र डोक्याच्या मागील भागात मिळतो.

पण पक्षाघाताने नेमका तोच भाग निकामी केला असेल, तर पुस्तकी जागा उपयोगी पडत नाहीत. रुग्णागणिक निवड करावी लागते आणि खरी अडचण इथे येते. चौसष्टांतून आठ निवडण्याचे ४४२ कोटींहून अधिक मार्ग आहेत. प्रत्येक संच तपासायला एक सेकंद धरला, तरी सुमारे १४० वर्षे लागतील! त्यामुळे संगणक पायरीपायरीने जातो : आधी सर्वांत उपयुक्त एक इलेक्ट्रोड, मग त्याच्या जोडीला सर्वाधिक भर घालणारा दुसरा, असे आठपर्यंत. तपासण्या होतात अवघ्या ४८४. याउलट, सर्व इलेक्ट्रोड घेऊन निरुपयोगी एकेक गाळत येण्याचीही रीत आहे.

या झटपट मार्गात एक उणीव राहते. डोळ्यांजवळचा एखादा इलेक्ट्रोड एकटा काहीच सांगत नाही. पण पापण्यांच्या हालचालींचा गोंगाट इतरांच्या नोंदींतून वजा करण्यास तोच लागतो. एकेकट्याचे मोल जोखताना असा सोबती सुटू शकतो.

कवटीतून येताना संकेत पसरट होत असल्याने शेजारचे इलेक्ट्रोड बरेचसे तेच सांगतात. त्यामुळे काही कमी केल्याने फारसे बिघडत नाही. नोंदी थोड्या असतील तर अचूकता उलट वाढूही शकते. मात्र ती ज्या नोंदींवरून निवड केली त्यांच्यावरच मोजणे म्हणजे स्वतःच काढलेली प्रश्नपत्रिका सोडविणे. पडताळणी दुसऱ्या दिवशीच्या नोंदींवर, टोपी नव्याने चढवूनच व्हायला हवी.