पाऊलवाट, वंशावळ आणि जनीचा लेखनिक

मराठी वाङ्मयेतिहासात जनाबाईची ओळख करून देताना गंगाखेडचा उल्लेख बहुधा एका वाक्यात येतो आणि त्याच वाक्यात मागे पडतो. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे हे गाव तिचे जन्मस्थान. पुढे सारे पंढरपूर. सरळ रेषेत मोजले तरी या दोन गावांत दोनशे किलोमीटरांचे अंतर आहे आणि ते एका लहान मुलीने पायी तोडले असले पाहिजे, याची नोंद घेण्याची गरज इतिहासकाराला क्वचितच वाटली. वस्तुतः जनीच्या चरित्रातील पहिली घटना हे चालणेच आहे. त्यापूर्वीचे जे काही आहे ते आईबापांच्या नावांपुरते.

या चालण्याच्या दोन कथा सांगितल्या जातात. एकीत आई वारल्यावर बाप दमा मुलीला पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आणून सोडतो; दुसरीत यात्रेस आलेली मुलगी विठ्ठलापुढून हलण्यास नकार देते आणि आईबाप एकटेच परततात. पहिल्या कथेत दारिद्र्य आहे, दुसरीत भक्ती. परंपरेचा ओढा स्वाभाविकपणे दुसरीकडे अधिक राहिला. परंतु दोहोंचा सांधा एकच: शूद्र कुळातील या मुलीची वंशावळ रस्त्याच्या शेवटी तुटते. आईबाप मेल्याचे सांगून विठ्ठलावर आपला भार टाकणारा एक अभंग तिच्या नावावर आहे. तो भाविकाला शरणागतीचा वाटतो; इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात कुळाची नोंद बंद झाल्याची खूण दिसते.

मग नवी नोंद कोठे उघडते? नामदेवाच्या घरातील माणसे मोजणारा अभंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सासूसुना, बापलेक, मुलगे, त्यांच्या बायका, लेक, बहीण अशी नावे क्रमाने येतात आणि सर्वांच्या शेवटी दासी जनी स्वतःला बसवते. रक्ताचे नाते नसलेली व्यक्ती वंशावळीत शिरते ती श्रमाच्या दाखल्यावर. ‘नामयाची दासी’ ही नाममुद्रा नम्रतेची खूण म्हणून वाचली गेली आहे. ती एक पत्ताही आहे, आणि ज्याला दुसरा पत्ता नाही अशा व्यक्तीने घेतलेला आहे. (१९९५ साली परभणीस भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारायण सुर्वे होते. एका गिरणी कामगाराने उचलून वाढवलेल्या या अनाथ कवीलाही आपले नाव असेच मिळाले होते.)

नामदेवाची गोष्ट वेगळी. त्याचे जन्मस्थान म्हणून सांगितले जाणारे नरसी १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. जन्मस्थळाविषयी मतभेद आहेत हे सोडून देऊ. पण त्याच्या चालण्याला साक्षी मिळाले. पंजाबातील घुमानपर्यंतची त्याची वाट परमुलखाने जपली आणि १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्याची ६१ पदे लिपिबद्ध झाली. धनी चालत राहिला. दासीचे चालणे जात्याभोवती हाताने फिरत राहिले. त्या फिरण्याला साक्षी कोण?

येथे जनीच्या नावावरील आणखी एक अभंग पुढे येतो. कोणत्या संताचे शब्द कोणी लिहून घेतले याची ती यादी आहे. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहिले, असे ती सांगते. इतरांनाही कोणी ना कोणी माणूस लेखनिक लाभला आहे. जनीचे अभंग मात्र पांडुरंग लिहितो. या विधानाकडे आजवर चमत्कार म्हणून पाहिले गेले. ते उलट बाजूने वाचले तर त्याचा अर्थ कठोर आहे: जनीला माणूस लेखनिक नव्हता. ज्याची जागा कोणीच भरली नाही, ती देवाने भरली.

महानुभावांच्या व्यवहाराशी तुलना केली की हा अर्थ अधिक उठून दिसतो. चक्रधरस्वामी याच गोदावरीच्या खोऱ्यात हिंडले. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी ज्यांना आठवत होत्या त्यांच्याकडे जाऊन विचारून घेतल्या. पुढे ‘स्थानपोथी’ने स्वामी कोठे बसले, कोठे निजले, देवळाचे दार कोणत्या दिशेस होते, इतके टिपून ठेवले. चालण्याचे असे गद्य रूप वारकऱ्यांनी घडवले नाही. त्यांनी वाट टिपली नाही, ती दरवर्षी पुन्हा चालली. एकीकडे स्मृती जागेला बांधली गेली, दुसरीकडे पावलांना आणि चालीला.

पावलांना बांधलेल्या स्मृतीचा स्वभाव असा की ती वाटेत भर घालते. साडेतीनशेच्या आसपास अभंग आज जनीच्या नावावर आहेत. ते सारे एकीचेच नसावेत, हा तर्क जुना आणि रास्त आहे. मात्र त्यावरून पाठचिकित्सेने काढलेला निष्कर्ष, म्हणजे प्रक्षिप्त वगळून अस्सल जनी शोधावी, अपुरा पडतो. मूळ हस्तलिखित नसताना अस्सलाची कसोटी संपादकाच्या अभिरुचीतूनच येते. ज्यांनी हे अभंग वाहून आणले त्या अनाम माणसांचे कर्तृत्व या गाळणीतून सर्वांत आधी गळून पडते.

याचा अर्थ परंपरेवर विश्वासून निर्धास्त व्हावे असा नाही. स्मृती राखते तशी पुसतेही. विठ्ठल जनीसोबत दळतो, शेणी वेचतो, ही कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’पर्यंत (१७६२) पुरती रुळली होती. पंढरपूरजवळ गोपाळपुरास जनीचे जाते आजही दाखवले जाते. पहाटेचे दळण, शेणाने भरलेले हात, मोबदला नसलेले आयुष्य हे सारे त्या गोड कथेत विरघळते. देव खुंट्याला हात लावतो. दासीपण मात्र तसेच राहते, आणि त्याविषयी कथा काही बोलत नाही.

जात्यावरच्या ओव्यांनी या मौनाला आपापल्या परीने उत्तर दिले. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमा झाल्या. त्यांत जनी आणि विठ्ठल पुनःपुन्हा येतात. गंगाखेडला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत त्याच चालीवर बाबासाहेब येतात. पीठगिरण्या आल्यामुळे जाते थांबले होते. बायकांनी आठवून म्हटले. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यात प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि तिचे गाव दिलेले असते.