कागदावर नुसतं ‘हर्निया’ नको. श्वासपटलाच्या हर्नियाचे कोड आणि नोंदी अशा तपासा

हर्निया म्हटलं की आपल्याकडे जांघेतली गाठ नाहीतर बेंबीजवळचा फुगवटा डोळ्यासमोर येतो. पण एक हर्निया बाहेरून दिसतच नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात, डॉक्टर डायफ्राम म्हणतात. या पडद्यात भोक राहिलं किंवा तो फाटला, की पोटातलं जठर, आतडी वर छातीत सरकतात. हाच श्वासपटलाचा हर्निया.

तो तीन वाटांनी होतो: जन्मापासून, वाढत्या वयात पडदा सैल पडून, किंवा अपघाताच्या मारानं. तिन्हींचे उपचार वेगळे, कोड वेगळे आणि विम्याचे नियमही वेगळे. डिस्चार्ज कार्डवर नुसतं ‘हर्निया’ लिहिलं तर हा फरक पुसला जातो आणि क्लेम तिथंच अडकू शकतो.

कोड म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेनं प्रत्येक आजाराला एक अक्षर व आकडे दिले आहेत. या यादीला आयसीडी म्हणतात. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी आपल्याकडच्या कागदांवर बहुतेक वेळा दहाव्या आवृत्तीचेच कोड दिसतात. कोड टाकणारा माणूस पेशंटला तपासत नाही, तो डॉक्टरांनी लिहिलेलं वाचतो. जे लिहिलं नाही, त्याचा कोड पडत नाही.

कोणता कोड कशाचा? (दहावी आवृत्ती)

• के ४४.९ : श्वासपटलाचा साधा हर्निया, आतडं अडकलेलं नाही. अन्ननलिकेजवळून जठर वर सरकतं तो हायटस हर्निया याच गटात येतो.
• के ४४.० : आतडं किंवा जठर अडकून मार्ग बंद झालाय, पण सडलेलं नाही.
• के ४४.१ : अडकलेला भाग सडलाय, म्हणजे गँगरीन. मार्ग बंद आणि गँगरीन दोन्ही असेल तर हाच कोड.
• क्यू ७९.० : बाळाचा जन्मजात श्वासपटलाचा हर्निया.
• क्यू ४०.१ : जन्मजात हायटस हर्निया.
• एस २७.८ : अपघातात श्वासपटलाला झालेली इजा या कोडमध्ये येते.

जांघेचा हर्निया के ४० मध्ये आणि बेंबीचा के ४२ मध्ये येतो. पेशंटला श्वासपटलाचा हर्निया असताना कागदावर हे आकडे दिसले तर लगेच विचारा.

अपघात असेल तर तो कशानं झाला याचाही कोड असतो. ट्रॅक्टरसारख्या शेतीच्या वाहनावर बसलेला माणूस जखमी झाला तर व्ही ८४, झाडावरून पडला तर डब्ल्यू १४, बैलानं मारलं तर डब्ल्यू ५५. म्हणून दाखल करताना ‘पडला’ एवढंच सांगू नका. कुठून, कशावरून, किती वाजता, ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

विम्यात फरक कुठं पडतो?

बऱ्याच खासगी पॉलिसींत हर्नियाच्या ऑपरेशनला २४ महिने थांबावं लागतं. पण अपघातामुळे उपचार लागले तर ही अट सहसा लागत नाही. त्यामुळे ट्रॅक्टर उलटून पडदा फाटला आणि कागदावर फक्त ‘हर्निया’ आलं, तर हक्काचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. कधी कधी फाटलेला पडदा त्यावेळी लक्षात येत नाही, हर्निया काही महिन्यांनी, वर्षांनी उघड होतो. म्हणून अपघाताचे जुने एक्स-रे, केसपेपर, पोलिसांकडची नोंद टाकून देऊ नका.

बाळाच्या बाबतीत ‘जन्मजात’ हा शब्द महत्त्वाचा. बाहेरून न दिसणाऱ्या जन्मजात दोषाला विम्याच्या भाषेत अंतर्गत दोष म्हणतात. त्याला आणि नवजात बाळाला संरक्षण आहे का, हे पॉलिसीत पाहा. कागदावर बाळाचं नाव ‘बेबी ऑफ’ आणि पुढं आईचं नाव असं असतं. ते रेशनकार्ड, आधार आणि जन्मनोंदीशी जुळलं पाहिजे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत उपचाराच्या पॅकेजचा कोड वेगळा असतो, तो आयसीडीचा नव्हे. त्यासाठी योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. आयुष्मानची हेल्पलाइन १४५५५ आहे.

घरी निघण्याआधी पाहा

१. हर्निया कुठला: श्वासपटलाचा, हायटस की दुसरा?
२. जन्मजात, आपोआप झालेला की अपघाताचा?
३. डावी बाजू की उजवी?
४. छातीत काय सरकलं होतं? अडकलं होतं का, सडलं होतं का?
५. कशावरून कळलं: एक्स-रे, सीटी स्कॅन की दुर्बीण? रिपोर्ट सोबत आहे का?
६. ऑपरेशन पोट उघडून, छाती उघडून की दुर्बिणीतून? जाळी बसवली का? जाळीचं स्टिकर फाइलला लावलंय का?
७. नाव, वय, तारखा सगळ्या कागदांवर एकच आहेत का?

चूक दिसली तर स्वतः पेनानं खाडाखोड करू नका. डॉक्टरांकडून दुरुस्ती, सही, तारीख घ्या. आणि क्लेम बसावा म्हणून खोटं लिहून मागू नका. आजार काय ते डॉक्टरच ठरवणार, आपण फक्त ते पूर्ण लिहून मागायचं. खोटी नोंद उघड झाली तर क्लेमही जातो आणि पॉलिसीही.

कागद मागणं हा हक्क

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. दाखल पेशंटचे कागद ३ वर्षं जपायचेही असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

एक मात्र ध्यानात ठेवा. जन्मलेल्या बाळाला धाप लागली, ते निळं पडलं, किंवा अपघातानंतर कुणाला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर कागदासाठी थांबू नका. १०८ ला फोन करा, पेशंटला दवाखान्यात पोचवा. कागद नंतर गोळा करता येतात.