पेव, कणगी आणि संगणकाची स्मृती

आमच्या वाशीला बाजारच्या दिवशी सातबाऱ्यासाठी ताटकळलेला शेतकरी हमखास विचारतो, "गुरुजी, मशीन एवढं हुशार, मग एका कागदाला एवढा उशीर का?" उशिराची कारणे अनेक असतात. त्यांतले एक फार जुने आहे, ते आज पाहू.

पूर्वी धान्य पेवात साठवीत. पण पेव उघडले की लगेच आत उतरता येत नसे. आतली विषारी हवा आधी जाऊ द्यावी लागे. म्हणून घरात कणगी असे आणि चुलीजवळ पिठाचा डबा. रोजच्या भाकरीसाठी कोणी पेव उघडीत नसे!

संगणकालाही हेच शिकावे लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाच्या स्मृतीत अवघ्या २०४८ संख्या मावत. मोठ्या साठ्यासाठी अमेरिकेत आयबीएमने १९५६ मध्येच ५० फिरत्या तबकड्यांचे यंत्र काढले होते. साठा वाढला, पण तबकडी फिरून नेमकी जागा येईपर्यंत थांबणे आले. आजही त्यात सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. रॅम या चपळ स्मृतीला सुमारे एक कोटीवा भाग पुरतो. म्हणजे फरक लाखपटीचा!

मग सगळेच रॅममध्ये का ठेवू नये? ती महाग पडते. १९६५ मध्ये केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी तोड सुचवली: वारंवार लागणारे तेवढेच लहान, चपळ स्मृतीत ठेवावे. पुढे १९८४ मध्ये जपानच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली. तिला फिरती तबकडी लागत नाही.

आजचे 'क्लाउड' काही आभाळात नसते. दूरच्या इमारतींतील हजारो संगणकांचे ते सामाईक कोठार. तिथे तबकड्या म्हणजे पेव, फ्लॅश म्हणजे कणगी आणि रॅम म्हणजे डबा.

मात्र एक धोका ध्यानात घ्या. वीज गेली की रॅम कोरी होते. बहिणीच्या हिश्श्याचा फेरफार नुसता डब्यात राहिला, तर तिचा हक्कच पुसला जाईल. म्हणून नोंद आधी टिकाऊ जागी लिहावी, मगच "झाली" म्हणावे. शिवाय फेरफार झाला की डब्यातली जुनी प्रत काढून टाकावी; नाहीतर कागद झटकन मिळेल, पण त्यावर नाव जुनेच असेल.

शिक्षकबंधूंनो, वर्गात हा धडा सांगताना गावातले एखादे बुजलेले पेव मुलांना जरूर दाखवा.